सहावीतला सॅक्सोफोन: भाड्याने घ्यावा की विकत?

प्रश्न: आमचा मुलगा सप्टेंबरमध्ये सहावीत जाईल. शाळेच्या बँडमध्ये नाव दिलंय. वाद्यं हाताळून बघायच्या दिवशी त्याने आल्टो सॅक्सोफोन धरला तो सोडायलाच तयार नव्हता. दुकानाचा 'भाड्यातून मालकी' करार सोबत जोडलाय: महिना ५८ डॉलर, वर ८ डॉलर मोडतोड-संरक्षण, ३६ महिने. ओळखीतल्या एका घरी यामाहाचा जुना सॅक्सोफोन ९०० डॉलरला मिळतोय. ऑनलाइन नवा ३३० ला दिसतो. पुण्याचा भाऊ म्हणतो, मेरठहून मागवतो, येताना घेऊन ये. मिस्टर म्हणतात, कराटे आणि बुद्धिबळासारखं हेही जानेवारीपर्यंत बंद पडेल, त्यापेक्षा तबला चालू आहे तोच बरा. सासूबाई विचारतात, वरातीत वाजवणार का? आम्ही एच-वन-बी या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर, एका पगारात. पुढच्या वर्षी त्याच्या दातांना तारा लावायच्यात, त्याचे साडेपाच हजार वेगळेच. काय करू?
(एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमच्या मिस्टरांचं आहे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय, मी ते गृहीतक म्हणून घेतो. चला, मुलाने जानेवारीअखेर सॅक्सोफोन सोडला असं धरू आणि प्रत्येक वाटेने किती पैसे गेले ते बघू.

भाड्याने घेतला तर सप्टेंबर ते जानेवारी पाच महिने, ६६ प्रमाणे ३३० डॉलर. वाद्य परत, विषय संपला. ऑनलाइनचा घेतला तर तेही ३३० च, कारण तो पुन्हा कोणी विकत घेणार नाही. जुना यामाहा घेतला तर ९०० आणि वर दुरुस्तीवाल्याकडून एकदा नीट लावून घ्यायला १५० धरा, म्हणजे १,०५०. जानेवारीत घाईने विकला आणि ७०० च आले तरी तोटा ३५० चा.

म्हणजे पोराने सोडलंच तर तिन्ही वाटांनी जाणारा पैसा जवळपास सारखाच. मिस्टरांचं भाकीत खरं ठरलं तरी त्यावरून कोणती वाट धरायची हे ठरत नाही. ते ठरतं पोरगा टिकला तर.

टिकला आणि आठवीपर्यंत वाजवत राहिला, तर भाड्याच्या वाटेने ३६ महिन्यांत २,३७६ डॉलर जातात आणि वाद्य तुमचं होतं. जुन्याच्या वाटेने १,०५०, वर दरवर्षी किरकोळ दुरुस्तीला शंभर धरले तर १,३५०. फरक हजाराच्या वर. पाच महिन्यांपर्यंत भाडं थोडं स्वस्त, सहाव्या महिन्यापासून जुना यामाहा स्वस्त, आणि पुढे दर महिन्याला ते अंतर वाढतच जातं. म्हणून माझं मत जुन्या यामाहाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर.

अट अशी, की पैसे द्यायच्या आधी तो वाद्यं दुरुस्त करणाऱ्याला दाखवायचा. सॅक्सोफोनची भोकं झाकणारे चामडी पॅड वर्षानुवर्षं पेटीत पडून कडक होतात, मग हवा गळते आणि खालचे सूर निघतच नाहीत. दुरुस्तीवाला नळीच्या आत दिवा सोडतो, उजेड कुठून झिरपतो ते पाहतो आणि दहा मिनिटांत सांगतो. चार-पाच पॅड बदलायचे असतील तर दीडशेत भागेल. सगळेच बदलायचे निघाले तर खर्च कित्येक शे डॉलरवर जातो, तेव्हा सरळ नमस्कार करून बाहेर पडा किंवा किंमत तेवढी उतरवून मागा. सॅक्सोफोनच्या मानेचा वाकडा भाग पडून आणखी वाकलाय का, तेही विचारा. वायएएस-२३ हे मॉडेल असेल तर मनात शंका कमी ठेवा. शाळकरी मुलांच्या हातून वर्षानुवर्षं गेलेलं दणकट वाद्य आहे ते, आणि त्याला गिऱ्हाईक मिळतं. बँडच्या शिक्षकांना पाच मिनिटं वाजवून बघायला सांगायला लाजू नका, असल्या विनंतीची त्यांना सवय असते.

आता भाड्याच्या बाजूने बोलायला हवं, कारण त्या ६६ डॉलरमध्ये नुसतं वाद्य नसतं. मोडलं तर दुरुस्ती, दुरुस्त होईपर्यंत दुसरं वाद्य, आणि पुष्कळ ठिकाणी दुकानाचा माणूसच शाळेतून वाद्य नेतो-आणतो. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत शिक्षकच एखाद्याला सॅक्सोफोनवरून क्लॅरिनेटवर हलवतात. बँडमध्ये सॅक्सोफोन व्हायचं असतं सगळ्यांना, पण नऊ सॅक्सोफोन आणि एक ट्रॉम्बोन असा बँड उभा राहत नाही. भाड्यात अदलाबदल करता येते, तुमच्या मालकीच्या वाद्याची येत नाही. तेव्हा खरेदीआधी शिक्षकांकडून 'हा आल्टो सॅक्सोफोनवरच राहणार' एवढं एका ईमेलमध्ये लिहून घ्या.

जुन्याचा सौदा फिसकटला तर भाडं घ्या, पण ३६ महिने कधीच चालवू नका. तुम्ही पाठवलेल्या कागदावर रोख किंमत १,६५० आहे आणि ५८ चे ३६ हप्ते होतात २,०८८. 'व्याज नाही' असं ठळक छापलंय, ते शब्दशः खरंही असेल, पण ४३८ डॉलर जास्त जातात त्याला नाव काहीही द्या. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय की मुदतीआधी विकत घेतल्यास उरलेल्या रकमेवर ३० टक्के सूट. बारा महिन्यांनी तुमचे ६९६ भरून झालेले असतील, उरलेले १,३९२, त्यावर सूट धरून साधारण ९७४. एकूण १,६७०. रोख किमतीहून अवघे वीस जास्त, आणि वर्षभर परत करायची मुभा हातात. त्या वर्षात संरक्षणाचे ९६ वेगळे गेले, ते जाऊ द्या. म्हणजे भाड्याचा करार केलाच तर पुढच्या ऑगस्टमध्ये एक तर परत करा नाही तर विकत घ्या, मध्ये लोंबकळत राहू नका. कार्डावरून आपोआप कापले जाणारे हप्ते विसरायला सोपे असतात, दुकानं त्यावरच चालतात.

३३० वाला ऑनलाइन सॅक्सोफोन मात्र यादीतून काढाच. इथले दुरुस्तीवाले अशा मालाला थट्टेने 'वाद्याच्या आकाराची वस्तू' म्हणतात. धातू मऊ, कळा वाकतात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि बरेच जण तो हातातही घेत नाहीत. पैशांपेक्षा वाईट म्हणजे सूर निघाला नाही की अकरा वर्षांच्या मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मिस्टरांचं भाकीत खरं करायचा तो हमखास मार्ग आहे.

मेरठचंही तेच, भावाच्या प्रेमाबद्दल आदर राखून. तिथल्या जाली कोठी भागातले कारागीर पितळी वाद्यं घडवतात आणि देशभरची बँडपथकं ती वापरतात. पण एडिसनमध्ये एखादी कळ तुटली तर तिचा भाग कुठून आणणार? सासूबाईंना वरातीची आठवण झाली ते स्वाभाविक आहे. त्यांना एकदा राहुल देव बर्मनच्या गाण्यांमधला मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन ऐकवा, मग वरातीचा विषय निघणार नाही.

तबल्याचं म्हणाल, तर तो बंद करून सॅक्सोफोनचे पैसे काढायचा विचार माझ्या हिशेबात बसत नाही. तबल्यात लय पक्की झालेला मुलगा बँडमध्ये सुरुवातीलाच इतरांच्या पुढे असतो. काही जण तुम्हाला सुचवतील की मग त्याला तालवाद्यांतच घाला, सरावाचा पॅड आणि घंटांचा संच (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) भाड्याने स्वस्त मिळतो. खरं आहे. पण ज्याने सॅक्सोफोन मागितला त्याला पैसे वाचवायला घंटा दिल्या तर ती बचत जानेवारीत अंगावर येते.

पत्रात एक खर्च तुम्ही लिहिलाच नाहीत, आणि तोच सगळ्यात मोठा होऊ शकतो: खाजगी शिकवणी. अर्ध्या तासाला ४० डॉलर धरले तर शाळेच्या ३६ आठवड्यांचे १,४४०. वाद्यापेक्षा जास्त. पहिल्या वर्षी ती दर आठवड्याची लावू नका, बँडचा तास शाळेतच होतो. त्याऐवजी सुरुवातीलाच चार तास घ्या, ओठांची ठेवण आणि बसण्याची पद्धत बरोबर बसली की नंतर सुधारायचा त्रास वाचतो. पुढे हवंच असेल तर हायस्कूलच्या बँडमधला एखादा सॅक्सोफोनवाला मुलगा शोधा, निम्म्यात शिकवेल आणि तुमच्या मुलाला तो शिक्षकापेक्षा जास्त आवडेल. बाकी किरकोळ: रीड्सची (फुंकायच्या तोंडावर बसणाऱ्या वेताच्या पातळ पट्ट्यांची) दहाची पेटी तीसेक डॉलरला येते, नवखे त्या पटापट तोडतात, सुरुवातीला दोन किंवा अडीच नंबरच्या घ्या. गळ्यातला पट्टा, पुसायचं फडकं, पुस्तक, स्टँड मिळून पन्नास-साठ.

एच-वन-बीबद्दल. नोकरी गेली तर देशात राहायला सहसा ६० दिवसांपर्यंतची मुदत मिळते, त्या दिवसांत कोणालाही सॅक्सोफोनच्या हप्त्याची आठवण यायला नको. जुना यामाहा विकता येतो किंवा सामानात पुण्याला नेता येतो. भाड्याचा करार असेल तर 'कधीही परत, दंड नाही' हे वाक्य त्यात आहे का ते सहीआधी बघा. एका पगाराच्या घरात १,०५० डॉलर आणीबाणीच्या गंगाजळीतून काढावे लागत असतील तर मात्र माझा सल्ला उलटा: भाडंच घ्या, गंगाजळी तशीच राहू द्या. मुलाच्या शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या ५२९ खात्याला तर हात लावूच नका. मान्य नसलेल्या खर्चासाठी पैसे काढले तर वाढीव रकमेवर आयकर आणि वर १० टक्के दंड बसतो.

दातांच्या तारांनी सॅक्सोफोन अडत नाही, सुरुवातीचे काही दिवस ओठ दुखेल एवढंच. ट्रम्पेट असता तर जास्त विचार करावा लागला असता. पण पैशाचा मोठा खेळ इथेच आहे. मिस्टरांच्या कंपनीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विमा निवडायची खिडकी उघडेल, तेव्हा त्यांनी एफएसए खात्यात (पगारातून कर लागण्याआधी औषधपाण्याच्या खर्चासाठी पैसे बाजूला ठेवायचं खातं) पुढच्या वर्षासाठी मर्यादेपर्यंत रक्कम टाकावी. २०२५ ची मर्यादा ३,३०० डॉलर होती आणि दातांच्या तारा त्यात बसतात. तुम्ही आयकराच्या २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर तो कर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर धरून साडेनऊशेच्या वर वाचतात. न्यू जर्सीचा राज्य कर यात वाचत नाही, पण केंद्राचाच पुरेसा आहे: जुन्या यामाहाचे पैसे त्यातून निघतात. वर्षाची पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. न वापरलेली मात्र बरीचशी बुडते, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडून हप्त्यांचं वेळापत्रक आधी मागून घ्या आणि तेवढेच टाका.

वाद्याचा वेगळा विमा घेऊ नका. घराच्या पॉलिसीवरही विसंबू नका: तिचं डिडक्टिबल (दाव्यातली आपण स्वतः सोसायची रक्कम) बहुधा ५०० किंवा १,००० असेल, ९०० च्या वस्तूसाठी दावा करून हातात फारसं काही येत नाही. पेटीवर नाव आणि फोन नंबर चिकटवा, सॅक्सोफोनवरचा अनुक्रमांक फोनमध्ये टिपून ठेवा, आणि शाळेच्या बसमध्ये तो राहिला तर कोणाला फोन करायचा ते मुलाला पहिल्याच आठवड्यात शिकवा.