वाचक विचारतात : घरातलं दुखणं

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या. गालाचा कॅन्सर पसरलाय, आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलंय. मॉर्फीनच्या १० मिलीग्रॅमच्या गोळ्या दिल्यात. नणंद म्हणते, सवय लागेल, अगदीच सोसवेना तेव्हाच द्या. गोळ्या सुरू झाल्यापासून चार दिवस शौचालाही झालेलं नाही.
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : नणंदेचं ऐकू नका. साध्या मॉर्फीनच्या गोळीचा असर जेमतेम चार तास टिकतो. दुखणं चढल्यावर दिली तर तीच गोळी अपुरी पडते, आणि मग घरचे म्हणतात, औषध लागू पडेना. घड्याळ लावून द्या : सकाळी ६ आणि १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्रीचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे २ वाजता उठवावं लागत नाही. चिठ्ठी इंग्रजी किंवा कन्नडात असली तर वेळा मराठीत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मधेच दुखलं तर सांगितलेला जादा डोस द्या आणि तोही वेळेसह लिहा. रोजचा डोस वाढवायचा की नाही, हे त्यावरूनच ठरतं.

मळमळ, गुंगी थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेतो राहतं, म्हणून बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून लागतं. लिहून दिलं नसेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. मॉर्फीन मनानं बंद करू नका. इसबगोल नकोच. पाणी कमी पिणाऱ्या, पडून असलेल्या माणसाच्या आतड्यात त्याचाच गोळा होतो. पोट फुगलं, उलट्या झाल्या तर वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा. पातळ पाणी झिरपायला लागलं तर जुलाब समजून पोट साफ करणारं औषध बंद करू नका, घट्ट मळ अडकल्याचीच ती खूण असू शकते. नर्सकडून तपासून घ्या.

हाका मारूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी पडत असेल किंवा हातपाय झटके देत असतील, तर पुढचा डोस थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंड थकलं की औषध अंगात साठतं.

अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त दवाखान्यांना मॉर्फीन ठेवणं सोपं झालंय, तरी गल्लीतल्या मेडिकलमध्ये ते सहसा मिळत नाही. चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघा, संपेपर्यंत थांबू नका. कोल्हापूर-मिरजेहून आणत असाल तर मूळ चिठ्ठी गोळ्यांसोबतच ठेवा.

प्रश्न : वडील अंथरुणाला खिळलेत. एअर बेड घेतला, तरी माकडहाडावर लाली आलीच.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं राहिलं असेल. पावसाळ्यात लाइट गेली की पंप थांबतो आणि हवा उतरते. कमरेखाली गादीच्या तळाशी हात घालून बघा. हाड हाताला टेकलं तर गादी असून नसल्यासारखी.

लाल जागा बोटानं दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर जखम आतून सुरू झालीय. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा आणि टणकपणा चाचपा. तेल लावून चोळू नका, नाजूक झालेली कातडी त्यानं आतून फाटते.

दर दोन तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे वाकळेची घडी लावून अंग थोडंसंच कलतं ठेवा, गुडघ्यांमध्ये उशी द्या, पोटऱ्यांखाली दुसरी, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढू नका. दोघांनी चादरीसकट उचला. रबरी रिंग वापरत असाल तर काढून टाका, ती कडेचं रक्त अडवते. आणि पावसात अर्धवट वाळलेली चादर घालू नका. इस्त्री फिरवून ओल घालवा, मगच अंथरा.