वाचकांचे प्रश्न : वर्तुळ गोल का येत नाही?

प्रश्न : मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला असून एका मित्राबरोबर घरामागच्या शेडमध्ये छोटे सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे मशीन, बनवतो. टेबल दीड फूट बाय एक फुटाचे आहे, तिन्ही अक्षांना आठ मिलिमीटर लीडचे (एका फेऱ्यात नट आठ मिलिमीटर सरकवणारे) स्क्रू आहेत आणि अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर चालते. पहिले मशीन शिरोलीच्या एका पॅटर्नमेकरना (फौंड्रीतल्या ओतकामासाठी लाकडी नमुने बनवणाऱ्यांना) 62,000 रुपयांना दिले. सुट्या भागांनाच 54,000 लागले होते. आता त्यांची तक्रार आहे की लाकडात कोरलेले वर्तुळ गोल येत नाही. सेटिंगमधले आकडे बदलून पाहिले, पण फरक पडला नाही आणि दर आठवड्याला शिरोलीची फेरी होते. चूक कुठे असेल आणि दुसऱ्या मशीनची किंमत काय ठेवावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी वर्तुळाचे पाहू, कारण किमतीचा हिशोबही तिथूनच सुरू होतो.

तुमची स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 पावले टाकते. मोटरला वीज देणारा ड्रायव्हर 16 मायक्रोस्टेपवर असेल, म्हणजे प्रत्येक पावलाचे 16 भाग करत असेल, तर ती 3,200 होतात, आणि स्क्रूची लीड 8 मिलिमीटर असल्याने एका मिलिमीटरला 400 पावले पडतात. जीआरबीएलमधील $100, $101 आणि $102 या सेटिंगमध्ये हाच आकडा असला पाहिजे. तो गणितातून आलेला असल्यामुळे तक्रार आली म्हणून 403 किंवा 397 करून पाहणे योग्य नाही. तसे केल्याने एका ठिकाणचे माप जुळते आणि दुसऱ्या ठिकाणचे बिघडते.

त्याऐवजी मॅग्नेट स्टँडवर डायल (सूक्ष्म हालचाल मोजणारी तबकडी) लावा आणि तिचे टोक स्पिंडलच्या (कापणारे हत्यार फिरवणाऱ्या मोटरच्या) क्लँपला टेकवा. मशीन उजवीकडे एक-दोन मिलिमीटर सरकवून डायल शून्यावर आणा, त्याच दिशेने आणखी 5 मिलिमीटर न्या आणि वाचन लिहून ठेवा. मग तेवढेच डावीकडे परत आणा. जाताना 5.00 दिसले आणि परत आल्यावर डायल शून्याच्या 0.2 अलीकडेच थांबली, तर तो बॅकलॅश आहे, म्हणजे नट आणि स्क्रू यांच्यातला खेळ. वर्तुळ कापताना प्रत्येक अक्ष दोनदा दिशा बदलतो, म्हणून अशा वर्तुळावर चार ठिकाणी छोटा सपाट भाग किंवा पायरी दिसते. पायऱ्या नसतील आणि वर्तुळ कर्णाच्या दिशेने लांबट असेल, तर एक्स आणि वाय अक्ष काटकोनात बसलेले नाहीत. 150 बाय 200 मिलिमीटरचा आयत कापून त्याचे दोन्ही कर्ण मोजा. ते 250 मिलिमीटर आले पाहिजेत.

बॅकलॅश आकड्यांनी भरून काढण्याची सोय जीआरबीएलमध्ये नाही. उपाय लोखंडात आणि पितळेतच करावा लागतो. स्प्रिंग असलेला अँटी-बॅकलॅश नट बसवा, स्क्रूच्या टोकाच्या बेअरिंगला पुढे-मागे हालचाल आहे का ते हाताने ओढून पाहा आणि सर्वांत आधी मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचे ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे छोटे स्क्रू) तपासा. माझ्या एका मशीनवर मी तीन दिवस नट बदलत होतो आणि शेवटी मोटरच्या गोल शाफ्टवर ग्रब स्क्रू घसरत असल्याचे आढळले. तेव्हापासून शाफ्टवर कानशीने छोटा सपाट भाग काढून त्यावरच स्क्रू टेकवतो आणि लॉकटाइट या स्क्रू पक्का करणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकतो.

फ्रेमबद्दल एक सांगावेसे वाटते. इंटरनेटवरच्या बहुतेक आराखड्यांत अ‍ॅक्रिलिक किंवा प्लायच्या पट्ट्या असतात, कारण ते आराखडे ज्यांच्या जवळपास लेथ नाही अशा लोकांसाठी काढलेले असतात. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरात प्लेट ग्राइंड करून देणारा आणि बेअरिंग ब्लॉक एका सेटिंगमध्ये बोअर करून देणारा कारागीर सायकलच्या अंतरावर मिळतो. फौंड्रीच्या या गावात राहून मशीनला प्लायचे खांब लावणे मला मनापासून पटत नाही.

आता किंमत. तुम्ही दोघांनी किती दिवस काम केले ते पत्रात लिहिलेले नाही. बहुधा त्याची नोंदच ठेवलेली नसावी, आणि तोट्याचे मूळ तिथेच आहे. समजा, दोघांचे प्रत्येकी दहा दिवस गेले आणि दिवसाचे 700 रुपये धरले, तर मजुरीच 14,000 होते. वर्षभराच्या सेवेसाठी एक ड्रायव्हर, एक बोर्ड आणि एक पॉवर सप्लाय शिलकीत ठेवायचा असेल तर 5,000 आणि वाहतूक, जोडणी व एक दिवसाच्या शिकवणीचे 3,000 धरा. म्हणजे 76,000 रुपयांना मशीन तुम्हाला घरात पडते. त्यावर 15 टक्के नफा लावला तर आकडा 87,400 होतो. याहून स्वस्त आयात मशीन मिळते हे खरे आहे, परंतु पॅटर्नमेकरचे काम अडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी शिरोलीत येऊन उभा राहणारा माणूस त्या खोक्यातून येत नाही. तुम्ही तोच विकत आहात, मग त्याचे पैसे मोकळेपणाने मागा.

इमर्जन्सी स्टॉपचे बटण फक्त कंट्रोलरला संदेश देणारे असेल तर ते आजच बदला, कारण बोर्ड अडकला तर संदेश ऐकणारे कोणी उरत नाही. बटण दाबताच कॉन्टॅक्टर (मोठा विजेवर चालणारा स्विच) पडून स्पिंडलचा आणि मोटर ड्रायव्हरचा वीजपुरवठा तुटला पाहिजे. अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे लिमिट स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने, म्हणजे एरवी सर्किट जोडलेलेच राहील असे, जोडा; मग वायर तुटली तरी मशीन थांबेल.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून घ्या. केवळ राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नसली, तरी कागल ओलांडून एक मशीन निपाणीला पोहोचते केले की तो आंतरराज्य व्यवहार ठरतो आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. जीआरबीएल हे जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे. ते विकलेल्या मशीनमध्ये घालता येते, मात्र ग्राहकाला परवान्याची प्रत आणि तुम्ही केलेल्या बदलांसह मूळ कोड उपलब्ध करून द्यावा लागतो.

प्रश्न : आमचे घराणे चप्पल बनवणारे आहे. पट्ट्यांवर नक्षी उठवण्यासाठी मी 10 वॉटच्या डायोड लेझरचे उघडे मशीन जोडले असून आसपासचे कारागीर तसेच बनवून मागतात. ते घरात बसून वापरतील. काही धोका आहे का?
— एक वाचक, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : आहे, आणि ज्या घरात मुले वावरतात तिथे तो फार मोठा आहे. अर्ध्या वॉटवरचा लेझर वर्ग 4 मध्ये, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात, मोडतो. त्याचा निळा किरण चकचकीत बकलावरून उलटून डोळ्यांत गेला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून उघडे मशीन विकू नका. चारही बाजूंनी बंद पेटी, दार उघडताच लेझर बंद करणारा स्विच आणि धूर घराबाहेर नेणारा पंखा हे मशीनचेच भाग समजा. सोबतच्या चष्म्यावर 445 ते 450 नॅनोमीटर या तरंगलांबीसाठीचे संरक्षण छापलेले असावे. नुसत्या रंगीत काचेवर विसंबू नये.

चामड्याची निवडही महत्त्वाची आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या आपल्या पारंपरिक चामड्यावर लेझरची रेघ स्वच्छ, तपकिरी उठते. क्रोम टॅन केलेले, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले, चामडे मात्र लेझरखाली घेऊ नये. रेक्झिन (कृत्रिम चामडे) तर अजिबात नको, कारण त्यातील पीव्हीसी जळाल्यावर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो फुप्फुसांना घातक असतोच, शिवाय मशीनच्या रेल्स आणि बेअरिंगला गंज चढवतो. ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत, पेटीच्या झाकणावरच चिकटवा.

प्रश्न : शाळांना विकण्यासाठी मी रेघेवरून चालणाऱ्या रोबोट गाड्यांचे किट तयार केले आहे. चार रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि एल298एन हा मोटर ड्रायव्हर वापरतो, पण गाडी वळणावर अडते. किट विकायला परवाना लागतो का?
— एक शिक्षक, गारगोटी

उत्तर : तुमच्या चार सेलचे मिळून 4.8 व्होल्ट होतात आणि एल298एन त्यातले सुमारे दोन व्होल्ट स्वतःच खातो, म्हणून मोटरपर्यंत तीनसुद्धा पोहोचत नाहीत. टीबी6612 हा मॉसफेटवर (कमी व्होल्ट खाणाऱ्या ट्रान्झिस्टरवर) आधारलेला ड्रायव्हर वापरा; त्याच सेलवर गाडी वळणे सहज घेईल. लिथियम सेलकडे वळू नका; पेन्सिल सेलचा तुमचा निर्णय मुलांच्या दृष्टीने योग्यच आहे.

परवान्याबाबत सांगायचे तर 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. तुमचे किट त्या व्याख्येत बसते की प्रयोगशाळेचे साहित्य ठरते, हे ब्यूरोकडे लेखी विचारा आणि उत्तर हाती येईपर्यंत शाळांकडून आगाऊ पैसे घेऊ नका. दरम्यान दोन गाड्या स्वतःच्या वर्गात महिनाभर मुलांच्या हाती द्या. कोणती वायर पहिल्यांदा तुटते आणि कोणता स्क्रू हरवतो, ते तुम्हाला तिथेच कळेल.