लातूरला नवीन आलोय, लोकल अन् सीझनल भाज्यांचा स्वयंपाक कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन लातूरला आलात, स्वयंपाक जेमतेम येतो अन् आता ॲपवरून ब्रोकोली मागवण्यापेक्षा इथलं खायचंय. माझं तर उलटंच होतं, मी इथलाच, पण दहा वर्षं पुण्यात मेसवर काढली अन् परत आलो तेव्हा हरभऱ्याचा पाला कुठला अन् करडई कुठली हेबी कळेना.

पहिलं म्हणजे रेसिपी बघून यादी करून बाजारात जायचं बंद करा. आधी बाजारात जा, तेबी आठवडी बाजारात, जिथं आजूबाजूच्या खेड्यातल्या बायका पोत्यावर चार-पाच जुड्या मांडून बसलेल्या असतात. जे सगळ्याच विकायलेत अन् स्वस्त आहे तो सीझन. घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "मावशी, तुमच्या घरी ही कशी करता?" मी न विचारता एकदा करडईची भाजी उचलली, जून निघाली, पानांच्या कडेला काटे, शिजवून शिजवून दमलो तरी घशाला टोचायचीच. पुढच्या बाजारी मावशीला सांगितलं तर म्हणल्या, "आरं बाबा, वीतभर असताना खायची असती ती, आता जनावरबी खाईना." तेव्हापासून पालेभाजीचं पान आधी बोटात चुरगाळून बघतो.

थंडीत सुरुवात करत असाल तर सगळ्यात सोपं. हरभऱ्याचा पाला घ्या (शेंडे खुडले की झाडाला फांद्या जास्त फुटतात, म्हणून शेतकरी खुडतोच अन् आपली भाजी होते). बारीक चिरून मूठभर तूरडाळ अन् थोडे शेंगदाणे टाकून कुकरला लावायचा, मग चमचाभर ज्वारीचं पीठ लावून रवीनं चांगला घोटायचा अन् वरून लसूण-लाल मिरचीची सढळ फोडणी. हे झालं गरगटं. पाला मुळातच आंबट असतो, चिंच टाकू नका, मी टाकली होती. हीच पद्धत चुका, पालक, चाकवताला चालती, म्हणजे एक शिकलात की निम्मा हिवाळा निघाला. अन् ज्या दिवशी गॅस पेटवायचा कंटाळा, त्या दिवशी कोवळी मेथी नाहीतर कांद्याची पात चिरून शेंगदाण्याचं कूट, तिखट, मीठ, कच्चं तेल, झाला घोळाणा. भाकरी जमत नसेल तर विकत घ्या, त्यात लाज कसली.

डिसेंबर-जानेवारीत येळवस (वेळ अमावस्या) येती, त्या दिवशी कुणी शेतात बोलावलं तर नाही म्हणू नका. शहरात शुकशुकाट असतो, सगळे रानात. तिथली भज्जी म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाल, पालेभाज्या, जे रानात आहे ते सगळं एका पातेल्यात, बेसन लावून. हंगाम म्हणजे काय ते एका जेवणात कळतं.

पावसाळ्यात करटुली, तरोटा, घोळ येते. रानभाज्या मात्र स्वतः खुडायला जाऊ नका, ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या. अंबाडी आणली तर उकडून पाणी फेका, नाहीतर दात आंबतात, मग ज्वारीच्या कण्या घालून शिजवा.

आता उन्हाळा. इथं लोक हार मानतात, कारण मेमध्ये आपल्याकडं हिरवं फार काही नसतंच, जे मिळतं ते बरंच लांबून ट्रकनं आलेलं. पण आपल्याकडचं उन्हाळ्यातलं सीझनल म्हणजे वाळवण अन् डाळ. ज्याच्या त्याच्या हंगामात स्वस्त असताना हरभऱ्याचा पाला, गवार सावलीत कडकडीत वाळवून डब्यात भरा. बाकी दिवस सांडग्याची आमटी, झुणका, कांदा फोडून. अन् तोंडी लावायला मराठवाडा केसर आंबा, त्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, फक्त अक्षय्य तृतीयेच्या आधी घाईनं पिकवलेले घेऊ नका.

एकदम सगळं करू नका, आठवड्यात एक नवीन भाजी बस. बाजार उठायच्या वेळी संध्याकाळी गेलात तर उरलेल्या भाजीचे दहा-वीस रुपयांचे वाटे लावलेले असतात, शिकताना बिघडली तरी जीव जळत नाही.