'पापे पदरी घेणे' म्हणजे पाप करणे की मान्य करणे?

इंदूरच्या एका ताईंनी विचारलं आहे: "शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे प्रार्थनेला गेले होते. त्यांनी मराठी बायबलमधून वाचलं, 'जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील.' हिंदी बायबलात इथे 'पापों को मान लें' आहे, ते समजतं. पण पाप पदरी घेणं म्हणजे तर पाप करणं! छपाईची चूक आहे का?"

ताई, चूक नाही. हे बायबलच्या नव्या करारातल्या योहानाच्या पहिल्या पत्रातलं, पहिल्या अध्यायाचं ९वं वचन, आणि मला ते मराठी म्हणून फार मोलाचं वाटतं.

तुम्हाला अडखळायला झालं ते 'कशाला उगाच पाप पदरी घेतोस?' या वाक्यामुळे. तिथे कृत्य अजून व्हायचं आहे, म्हणून पदरी घेणं म्हणजे ओढवून घेणं. पण कृत्य होऊन गेलेलं असलं की अर्थ पालटतो. 'त्याची चूक त्याच्या पदरात घातली' म्हणजे त्याला ती दाखवून दिली, आणि 'त्याने चूक पदरात घेतली' म्हणजे ती आपलीच आहे असं त्याने मान्य केलं. इंदुरात आपण दिवसभर 'गलती मान ली' ऐकतो आणि घरी येऊन 'चुकी मानली' म्हणतो, त्यामुळे हा दुसरा प्रयोग आपल्या कानांवरून उतरत चालला आहे. पत्रात कोणता अर्थ घ्यायचा ते आधीचंच वचन सांगतं: आपल्या ठायी पाप नाही असं म्हटलं, तर आपण स्वतःलाच फसवतो. 'माझं नाही' म्हणणाऱ्यासमोर 'माझं आहे' म्हणणारा उभा केला आहे. मूळ ग्रीक क्रियापद 'होमोलोगेओ', म्हणजे तेच म्हणणं, दुजोरा देणं. देव ज्याला पाप म्हणतो त्याला आपणही पाप म्हणायचं.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर जुन्या करारातला २ शमुवेल, अध्याय १२ वाचा. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा हिला आणवलं आणि उरीयाला लढाईच्या ऐन तोंडावर ठेवून मरू दिलं. नाथान संदेष्टा येतो तो आरोप न करता गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकुलती एक मेंढी, त्याच्या ताटातलं खाणारी, उराशी निजणारी. श्रीमंत शेजारी आपले कळप राखून हीच मेंढी पाहुण्यासाठी कापतो. दावीद संतापतो, असा माणूस मेलाच पाहिजे म्हणतो. नाथान म्हणतो, "तो मनुष्य तूच." इथे चूक पदरात घातली गेली. दावीद सबब सांगत नाही, बथशेबेकडे बोट दाखवत नाही. "मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे," एवढंच म्हणतो. हे पदरी घेणं. देवाने मना केलेलं फळ खाल्ल्यावर पहिल्या माणसाने, आदामाने, देवाला दिलेलं उत्तर शेजारी ठेवून पाहा: तू दिलेल्या बाईने मला फळ दिलं! दाविदाला क्षमा लगेच मिळते, पण परिणाम टळत नाहीत. त्याचं मूल दगावतं.

बायबलमधल्या ३२व्या स्तोत्रात याचीच दुसरी बाजू आहे. ज्याचं पाप झाकलं गेलं तो धन्य, असा आरंभ, आणि पुढे पाचव्या वचनात गाणारा म्हणतो की मी माझा दोष झाकला नाही. हिब्रूत दोन्हीकडे धातू एकच. माणूस झाकत नाही तेव्हा देव झाकतो. आपल्याकडे अपराध 'पोटात घाला' म्हणतात, ते याच्या जवळचं.

मग बायबलात 'पश्चात्ताप' हा वेगळा शब्द कशाला? कारण नुसती कबुली पुरत नाही. येशूला शत्रूंच्या हाती देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कर्योत, त्यालाही पस्तावा झाला. निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं, असं तो मुख्य याजकांना म्हणाला, चांदीची ३० नाणी टाकून दिली. "त्याचे आम्हाला काय? तुझे तू पाहा," हे त्यांचं उत्तर. तो ज्याचा अपराधी होता त्या येशूकडे मात्र गेलाच नाही, जाऊन गळफास घेतला. ही हकीकत सांगणाऱ्या मत्तयाने यहूदासाठी वापरलेलं ग्रीक क्रियापद खंत वाटण्याचं आहे. बाप्तिस्मा देणारा योहान (पत्रवाला नव्हे, दुसरा) 'पश्चात्ताप करा' म्हणतो तिथलं क्रियापद वेगळं, मन पालटण्याचं. हिंदी बायबल त्याला 'मन फिराओ' म्हणतं. मराठीत ते चालणार नाही, कारण आपलं मन फिरतं ते एखाद्यावरून उडतं तेव्हा.

या पश्चात्तापाला 'प्रायश्चित्त' म्हणू नये. आपल्या परंपरेत ते पाप करणाराने घ्यायचं असतं. योहानाच्या त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ख्रिस्त स्वतः आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे असं म्हटलं आहे, म्हणजे करणारा बदलला.

नव्या, सोप्या मराठी भाषांतरांत 'पापे कबूल केली' येतं. अर्थ बरोबर, पण कबूल तोंडाने होतं. पदरी घेतलेलं बाळगावं लागतं. मी जुनंच ठेवीन. तुमच्या लेखनात 'चूक पदरात घेतली' निःशंक लिहा. 'पाप पदरी घेतलं' लिहिताना मात्र ते पाप आधीच घडलं आहे हे आधीच्या वाक्यात स्पष्ट असू द्या.