ताप उतरला, जंतू कुठे गेले?

प्रश्न : माझ्या मिस्टरांना क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले. खोकला थांबला, वजन वाढलं, बेडक्याचा रिपोर्टही निगेटिव्ह. अजून चार महिने गोळ्या कशाला? (राजारामपुरी)

उत्तर : गोळ्या अजिबात थांबवू नका. जी पांढरी पेशी जंतूंना गिळून मारते, तिच्याच आत क्षयाचा जंतू मुक्काम ठोकतो. पेशी त्याला एका पिशवीत कोंडते. त्या पिशवीत पाचक रस यायचे असतात, तेच हा रोखून धरतो. वर मेणचट कवच असतंच. प्राणवायू कमी पडला की वाढ जवळजवळ बंद करून पडून राहतो. एरवीही त्याची चाल संथ: आतड्यातला ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो, याला 18 ते 24 तास लागतात. बहुतेक अँटिबायोटिक्सचा घाव वाढत्या जंतूवर बसतो. सुरुवातीची चार औषधं त्या वाढत्यांना झोडपतात. त्यातलं पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेत दडलेल्यांनाही गाठतं. पुढचे चार महिने उरल्यासुरल्या सुस्तांसाठी. निगेटिव्ह बेडका म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतके जंतू नाहीत, एवढंच.

लघवी नारिंगी होते ती याच गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. नजर अंधूक झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : तालमीत जातो, कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध पितो. दीड महिना झाला, संध्याकाळी ताप, घाम, कंबरदुखी. पाच दिवसांचा कोर्स दोनदा झाला, ताप परत येतोच. (गंगावेश)

उत्तर : कोल्हापुरात धारोष्ण दुधाविरुद्ध बोलणं म्हणजे तांबड्या रश्श्याला नावं ठेवणं. तरी बोलतो. ब्रुसेला नावाच्या जंतूसाठी रक्त तपासणी करून घ्या, जोडीला क्षयाचीही. गायी-म्हशी-शेळ्यांकडून येणारा ब्रुसेला पेशीत शिरतो आणि तिच्या प्रथिनं बनवण्याच्या जागेपर्यंत पोचून तिथेच वाढतो. औषध पेशीच्या आत पोचलं पाहिजे आणि तिथे टिकलंही पाहिजे. म्हणून निदान पक्कं झालं तर डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन अशी दोन औषधं सहा आठवडे देतात. पाच दिवसांत काय होणार? घरी जनावरं असतील, कुणाचा गाभ पडला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही. दूध प्या, पण उकळून.

प्रश्न : कोर्स करूनही आजार उलटला, म्हणजे जंतू रेझिस्टंट झाले का? (कागल)

उत्तर : दर वेळी नाही. 1944 मध्ये जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांना दिसलं, की पेनिसिलिनमध्येही स्टॅफिलोकॉकसचे मोजके जंतू तगतात. पण त्यांची पुढची पिढी त्याच पेनिसिलिनने आधीसारखीच मरते. रेझिस्टंट जंतू औषधातही वाढतो, हे नुसते दबा धरून बसतात. अर्थात कोर्स अर्धवट सोडत राहिलात तर खऱ्या रेझिस्टन्सलाही वाव मिळतो.

प्रश्न : टायफॉइड बरा झाला, विडाल ही त्याची रक्त तपासणी अजून पॉझिटिव्ह. पुन्हा औषध घेऊ? (इचलकरंजी)

उत्तर : ताप नसेल तर नको. विडाल प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मोजते, ती महिनोन्‌महिने रक्तात राहतात. मात्र काही जणांच्या पित्ताशयात हा जंतू ठाण मांडतो. तुम्ही खानावळीत स्वयंपाक करत असाल, तर शौचाचं कल्चर करून घ्या.