मे महिन्यात इंदूरहून मुलाकडे डॅलसला जायचे आहे. टॉर्नेडोची भीती कितपत खरी?

आपली भीती निराधार नाही, कारण टेक्सास (डॅलस याच राज्यात आहे), ओक्लाहोमा, कॅन्सस या पट्ट्यात एप्रिल ते जून हाच टॉर्नेडोचा मुख्य हंगाम असतो. तथापि अमेरिकेत वर्षाला सुमारे १२०० टॉर्नेडो होत असले, तरी त्यांतले बहुतेक दुबळे असतात, काही मिनिटांत विरतात आणि त्यांचा पट्टा सहसा काहीशे मीटरांहून रुंद नसतो. त्यांत वर्षाला सरासरी ७० च्या आसपास माणसे दगावतात. भारतात वीज पडून दरवर्षी २००० हून अधिक माणसे मरतात, त्यांत आपल्या मध्य प्रदेशाचा वाटा मोठा आहे, आणि तरीही वळवाच्या दिवसांत आपण इंदुरात घराबाहेर पडतोच. तेव्हा तिकीट रद्द करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तळमजल्यावरची, घराच्या मध्यभागी असलेली बिनखिडकीची खोली मुलाकडून पाहून घ्या. टेक्सासात तळघरे फारशी नसल्याने ती बहुधा न्हाणीघर किंवा कपड्यांची खोली असेल. हवामान खात्याच्या इशाऱ्यांपैकी ‘वॉच’ म्हणजे टॉर्नेडोसाठी हवा केवळ अनुकूल आहे, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे तो प्रत्यक्ष दिसला किंवा रडारवर आढळला आहे. मोबाइलवर ‘वॉर्निंग’ आली, तर मात्र खिडकीतून पाहत न बसता पायांत बूट घालून त्या खोलीत जावे आणि डोके उशीने झाकावे. गाडीत असाल, तर उड्डाणपुलाखाली मुळीच थांबू नये, जवळच्या पक्क्या इमारतीत शिरावे. वादळाचा अंदाज असताना रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा, कारण अंधारात टॉर्नेडो दिसत नाही.