वाचकांचे प्रश्न : बेसबॉलच्या पिचरचं (चेंडू फेकणाऱ्याचं) कोपर

प्रश्न : माझा २० वर्षांचा मुलगा इथे डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या श्रेणीच्या) बेसबॉल संघात शुक्रवारचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) आहे. मागच्या शुक्रवारी त्याने १०८ चेंडू टाकले आणि रविवारी कोचनी त्यालाच शेवटच्या दोन इनिंग टाकायला उभं केलं. मेजर लीगमध्ये (प्रोफेशनल बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये) तर ९०-९५ चेंडूंवर पिचरला बाहेर काढतात. कॉलेजात मुलांचे हात पिळून काढतात का?
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : शुक्रवारच्या १०८ चेंडूंपेक्षा आम्हाला रविवारच्या दोन इनिंगची काळजी जास्त वाटते.

दोन्हीकडचं गणित वेगळं आहे. कॉलेजचा स्टार्टर शुक्रवार ते शुक्रवार टाकतो, म्हणजे मध्ये सहा दिवस विश्रांती. नियमित सीझन साधारण १४ आठवड्यांचा. आठवड्याला १०० धरले तरी १,४०० चेंडू. मेजर लीगचा स्टार्टर चार-पाच दिवसांच्या विश्रांतीवर सहा महिने टाकत राहतो. त्याची तिसाच्या आसपास स्टार्ट होतात, म्हणजे ९० च्या हिशोबाने २,७०० चेंडू. त्याला लवकर काढतात ते पुढच्या पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा उभं राहायचं असतं म्हणूनही. तेव्हा एका दिवसाचा ताण कॉलेजात जास्त असू शकतो, वर्षाचा ताण प्रोफेशनलमध्ये.

पण तुमच्या मुलाला मिळणारे सहा दिवस हेच कॉलेजच्या पद्धतीतलं संरक्षण आहे आणि ते रविवारी काढून घेतलं गेलं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ तक्त्यात १९ ते २२ वयासाठी दिवसाची मर्यादा १२० आहे. ८१ ते १०५ चेंडूंनंतर चार दिवस आणि १०६ च्या वर गेलं की पाच दिवस विश्रांती. म्हणजे शुक्रवारी १०८ टाकणाऱ्याने गुरुवारच्या आधी माउंडवर (पिचर जिथून फेकतो त्या उंचवट्यावर) चढायचं नाही. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएने चेंडूंची सक्तीची मर्यादा घातलेली नाही, त्यामुळे हा तक्ता कॉलेजच्या कोचवर बंधनकारक नाही. तो छापून मुलाच्या हातात द्या. हा विषय त्याने स्वतः कोचपाशी काढलेला बरा, आणि तोही आठवड्याच्या सुरुवातीला, सामना रंगात आल्यावर नव्हे.

थकलेल्या हातात नेमकं काय बिघडतं? खांदा पुढे निघालेला असतो आणि कोपरापुढचा हात अजून मागे, जवळजवळ आडवा पडलेला असतो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. प्रयोगशाळेत मृतदेहांच्या कोपरांवर पाहिलं तेव्हा तिथलं लिगामेंट (हाडांना जोडणारा चिवट पट्टा) एकटं सुमारे ३२ लाच तुटलं. उरलेला भार मनगट वाकवणारे आणि तळवा खाली वळवणारे स्नायू उचलतात. ते स्नायू दमले की लिगामेंटवर जास्त भार येतो. ते तुटलं तर ते नव्याने बांधणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया (१९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा केलेली) आणि पुढे १२ ते १८ महिने मैदानाबाहेर.

स्टँडमधून तुम्हालाही हे ओळखता येईल. फास्टबॉलचा वेग दोन-तीन मैलांनी उतरतो, चेंडू उंच आणि हाताच्याच बाजूला निसटायला लागतो, कोपर खाली येतं, दोन चेंडूंमधला वेळ वाढतो. कोपराच्या आत दुखणं किंवा करंगळी-अनामिकेला मुंग्या येणं हे मात्र थकव्याच्या पलीकडचं आहे. त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. आयब्युप्रोफेन घेऊन टाकणं सगळ्यात वाईट, कारण इशारा देणारी वेदनाच बंद होते.

प्रश्न : दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत ‘७५ टक्के जोर लाव’ असं ट्रेनर सांगतात. तेवढ्याने कोपराला खरंच आराम मिळतो का?
– एक कॉलेज पिचर, टेक्सास

उत्तर : वाटतो तेवढा नाही. २०१९ च्या एका अभ्यासात पिचरांनी आपल्या अंदाजाने जोर २५ टक्क्यांनी कमी केला, तेव्हा वेग सुमारे ११ टक्क्यांनी उतरला, पण कोपरावरचा पीळ फक्त ७ टक्क्यांनी. म्हणजे ९२ मैलांचा पिचर ८२ वर आला, तरी कोपर ९३ टक्के भार सोसतंच होतं. म्हणून अंदाजावर विसंबू नका, रडार गन लावा आणि मुख्य म्हणजे चेंडूंची संख्या कमी करा. स्टार्टनंतर दोन-तीन दिवसांनी २५ ते ३० चेंडूंचं बुलपेन (सामन्याबाहेरचा फेकीचा सराव) पुष्कळ झालं. वहीत सगळंच लिहा : सामन्याआधीचं बुलपेन, प्रत्येक इनिंगआधीचे चेंडू, लाँग टॉस (लांब अंतरावर फेकण्याचा सराव). स्कोअरकार्डवर ९५ दिसतात तेव्हा हाताने दीडशेच्या आसपास टाकलेले असतात.

उन्हाळी लीगचं आमंत्रण आलं तर ही वही उघडून ठरवा. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत टाकलेल्या हाताला तेव्हा विश्रांतीच हवी असते. वेग दाखवायला स्काउटसमोर (खेळाडू हेरणाऱ्यांसमोर) प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने टाकायची सवय हल्ली कॉलेज आणि प्रोफेशनल दोन्हीकडे आहे, आणि कोपरं जाण्याचं ते मोठं कारण आहे असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : मग आपल्या वेगवान गोलंदाजांची कोपरं का जात नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोलंदाजाचा हात जवळपास सरळ फिरतो, नियमाने कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. त्यामुळे पिचरसारखा हात मागे पडून बसणारा पीळ तिथे नाही. धावत येऊन पुढचा पाय आपटताना भार कंबरेवर येतो, म्हणून त्यांना पाठीचे स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. बुमराच्या पाठीवर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली होती. पिचर मात्र दहा इंच उंच माउंडवरून, उभ्या जागेवरून एक लांब पाऊल टाकून फेकतो.